शेवट गोड नको

तात्यांच्या घरात शिरताना वाकावं लागतं. घर स्लॅबचं आहे, पुणे-सोलापूर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. पण पुढच्या दाराची चौकट सागवानी आणि बुटकी. ती जुन्या पळसदेवातली. उजनी धरणाचं पाणी चढायच्या आधी लोकांनी वासे, तुळया, कवाडं, पायरीचे दगड, जे म्हणून उपसता आलं ते बैलगाडीत घालून वर आणलं. आमच्या आजोबांनी ही चौकट आणली. काही वर्षांपूर्वी वहिनींनी, म्हणजे तात्यांच्या सुनेनं, मोठा फ्रीज घेतला, तो चौकटीत अडकला. दुकानाचा माणूस म्हणाला, चौकट काढावी लागेल. तात्या म्हणाले, फ्रीज परत न्यावा लागेल. अर्धा तास कुणी हललं नाही. शेवटी फ्रीज गोठ्याकडून, मागच्या दारानं आत आला. वहिनी ही गोष्ट हसत सांगतात. तात्या हसत नाहीत.

तात्या म्हणजे माझे चुलते. बारामती आगारात एसटीचे कंडक्टर होते, आता बहात्तर वर्षांचे आहेत. घरात त्यांच्याइतकं वाचलेलं दुसरं कुणी नाही, मराठी शिकवणारी मी धरून. मुक्कामी गाडी असली की आडगावात गाडी लावायची, ड्रायव्हर टपावर झोपायचा आणि तात्या आतल्या पिवळ्या दिव्याखाली वाचत बसायचे. बॅटरी उतरते म्हणून ड्रायव्हरनं तंबी दिली, तेव्हापासून स्वतःचा कंदील. वाचनखूण म्हणून ट्रेमधलं सगळ्यात स्वस्त तिकीट फाडायचं, त्यावर पंच मारायचा आणि त्याचे पैसे स्वतःच्या खिशातून हिशेबात टाकायचे. त्यांच्या पुस्तकांतून अजून ती तिकिटं गळतात.

मी गेले होते २०२४ च्या जूनमध्ये, पहिल्या आठवड्यात. निमित्त तात्यांच्या नातीच्या निरोपाचं. ती बारामतीला कॉलेजात शिकते, मला आत्या म्हणते. मोबाइलवर तिनं लिहिलं होतं, ‘आत्या, एखादं पुस्तक सांग ना. प्रेमाचं, पण शेवट गोड नको. वाचून झालं की दोन दिवस काही सुचू नये असं.’ मी पिशवीत सहा पुस्तकं घालून निघाले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि तात्यांनी एकेक पुस्तक काढून, कणीस सोलून बघावं तसं उलटंसुलटं करून बघितलं.

“ह्यातलं एकबी हसवणारं न्हाई.”

“तिनं मागितलंच तसं.”

“मग सिनेमा बघ म्हणावं. दोन तासांत मोकळी व्हशील.”

“तात्या, थट्टा नको.”

“थट्टा न्हाई. तिला स्थळ आलंय, ठाऊक हाय का तुला? पोरगा पुण्यात कंपनीत हाय. ही म्हणती थांबा, परीक्षा द्यायच्यात. हिचा बाप म्हणतो, स्थळ काय वाट बघत बसतंय व्हय? आणि आशात तू तिला रडायची पुस्तकं देणार.”

“अशातच द्यायची असतात.”

“ताप आलेल्याला आइस्क्रीम?”

माझं म्हणणं मी नीट मांडलं, वर्गात मांडते तसं. माणूस दुःखाचं पुस्तक शोधतो तो रडायला नव्हे. आपल्यापुढं जो फाटा आला आहे तिथं आधी कोण उभं होतं, त्यानं काय केलं आणि मग त्याचं काय झालं, हे त्याला बघायचं असतं. गोड शेवटाची पुस्तकं हे दाखवत नाहीत. त्यांत फाटा येतो खरा, पण दोन्ही रस्ते पुढं एकाच गावाला मिळतात. पिशवीतून मी ‘रणांगण’ काढलं. विश्राम बेडेकरांची १९३९ ची कादंबरी. युरोपातून मुंबईला निघालेलं जहाज, त्यावर चक्रधर नावाचा मराठी तरुण आणि जर्मनीतून बाहेर पडलेली हॅर्टा ही ज्यू मुलगी. जहाजावर प्रेम जमतं. तो मुंबईला उतरतो, तिला उतरायची परवानगी नाही. जहाज पुढं जातं आणि पुढच्या प्रवासात ती समुद्रात उडी घेते.

“शेवट सांगून टाकलास की.”

“सांगितला तरी फरक पडत नाही असं पुस्तक आहे. ते शेवटावर चालतच नाही. सगळा वेळ आपण चक्रधराच्या तोंडाकडं बघत राहतो. हा आता बोलेल, मग बोलेल. आणि हा बोलत नाही.”

“वाचलंय मी,” तात्या म्हणाले. “भोरच्या मुक्कामाला. दोनदा.”

मग शेवटाची तक्रार कशाला, असं मी विचारणार होते. पण ते आधीच पुढच्या पुस्तकाकडं वळले होते.

पिशवीतलं दुसरं होतं ‘झाडाझडती’. विश्वास पाटलांची ही कादंबरी धरणात गेलेल्या गावाची आणि गेल्यावर दारोदार फिरणाऱ्या माणसांची. १९९१ ची. पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मला वाटलं होतं, पळसदेवात हे पुस्तक घरोघरी असेल. तात्या उठून आत गेले आणि स्वतःची प्रत घेऊन आले. साधारण तिसऱ्या हिश्शावर तिकीट होतं.

“इथवर वाचलं. पुढं न्हाई.”

“केव्हा?”

“आलं तेव्हाच. तीस वर्सं झाली.”

“का सोडलंत?”

“वाईट हाय म्हणून न्हाई. ब्येस लिहिलंय. कचेऱ्या, साहेब, तारखा, सगळं आसंच व्हतं. मला म्हायती व्हतं पुढं काय हुणार. आपलीच तेरवी दुसऱ्यानं घातल्यासारखं वाटलं.”

इथं मला जे बोलायचं होतं ते मी बोलले आणि अजूनही माझं तेच मत आहे. उजनी १९८० ला पुरी झाली. त्याआधी सरकारी माणसं टेप घेऊन गावात आली होती. घराच्या खणांची, विहिरीच्या खोलीची, आंब्या-चिंचेच्या झाडांची मोजदाद झाली, तिची किंमत ठरली. मोबदला कमी-जास्त असेल, पण जे मोजता येतं ते कागदावर चढलं. जे मोजता येत नाही त्याचा पंचनामा कादंबरीच करते. ती नसती तर त्या सगळ्याची कुठं नोंदच राहिली नसती.

“नोंद कुणासाठी?” तात्यांनी विचारलं. “पुण्यात बसून वाचणाराला कळावं म्हणून? का आमाला?”

“दोघांनाही.”

“आमाला कशापायी? आमी तिथंच व्हतो की.”

माझ्याकडं उत्तर होतं, पण त्यांच्या प्रश्नातला ‘पुण्यात बसून’ हा टोमणा माझ्या वडिलांना होता हे कळायला मला थोडा वेळ लागला. आजोबांच्या पैशाच्या वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्यानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपला वाटा रोख घेतला आणि पिंपरीची वाट धरली. धाकट्या तात्यांनी पाण्याच्या काठची माळाची जमीन धरली. दोघं भाऊ दिवाळीला भेटत, एका ताटात जेवत. वाटणीबद्दल मात्र शेवटपर्यंत बोलले नाहीत. वडील जाऊन नऊ वर्षं झाली.

वहिनींनी चहा आणला. चौकटीतून बाहेर येताना त्याही वाकल्या, ट्रे तिरका न होऊ देता. सवय झाली आहे.

ऊन उतरल्यावर आम्ही पाण्याकडं निघालो. निघालो म्हणजे चालतच राहिलो, कारण पाणी फार लांब गेलं होतं. उजनी त्या आठवड्यात वजा साठच्या जवळ होती. पेपरात आमच्या धरणाची टक्केवारी शून्याखाली जाते तेव्हा परगावच्या माणसाला ते कोडं वाटतं. धरणात सगळं मिळून साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं उपयुक्त ५३ च्या आसपास आणि मृतसाठा ६३ च्या वर. उपयुक्त संपलं की वजा सुरू. म्हणजे आमच्या धरणात कामाच्या पाण्यापेक्षा मेलेलं पाणीच जास्त. हे मी मोठ्यानं बोलले, आवाजात जरा साहित्यिक ओलावा आणून.

“मेलेलं कसं?” तात्या थांबले. “मृतसाठा म्हंजे दाराच्या खालचं पाणी. ते आपसूक वाहून जात न्हाई येवढंच. मोटार लावली का तेच पाणी वर येतंय. ह्या बाजूचा सगळा ऊस त्याच्यावर हाय.”

“हेच तर! माणसाच्या आतलं दुःखही...”

“मी उसाचं बोलतोय.”

मी गप्प बसले. शिक्षकी पेशात हा रोग जडतो, समोर दिसेल त्याचं रूपक करायचा.

वाटेत गाळाला भेगा पडलेल्या. कुठं गाळपेर केलेली, कुठं नुसते शिंपले. शेतकऱ्यांच्या मोटारी पाण्यामागं पाण्यामागं सरकवलेल्या, त्यांच्या केबली आणि पाइप गाळातून अजगरासारखे पसरलेले. दर आठ दिवसांनी मोटार पुढं ओढायची, नवा पाइप जोडायचा. तात्या पाइपांची नावं सांगत होते, हा याचा, तो त्याचा, आणि मला ऐकू येत होती जुन्या गावाची मोजदाद. पण यावेळी मी तोंड उघडलं नाही.

पळसनाथाचं देऊळ पूर्ण उघडं पडलं होतं. एरवी पाणी उतरू लागलं की आधी विटांचं शिखर दिसतं, मग हळूहळू खालचं दगडी अंग. दुष्काळाच्या वर्षी पायी जाता येतं. त्या दिवशी तिथं जत्रेसारखी गर्दी होती, पोरं शिखराकडं पाठ करून फोटो काढत होती, एक माणूस भेळ विकत होता. तात्या देवळात फार रेंगाळले नाहीत. बाजूला पडलेल्या कोरीव दगडांपाशी मला घेऊन गेले.

“ही बघ तुझी दुःखाची पुस्तकं. चार दशकं पाण्यात हायत, अक्षर पुसलं न्हाई.”

वीरगळ होते. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत मेलेल्या वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं बसलेला. खालून वर वाचायचं. तीन पानांची गोष्ट, शेवट गोड.

“बघ,” तात्या म्हणाले, “जुन्या लोकांनी बी शेवट गोडच ठिवला. पोरगं मेलं ते मेलं, पर सोर्गात गेलं. आईबापाला रोज ह्या दगडावरून जायचं आसतं. त्येंना हीच गोष्ट पाहिजे.”

मला याचं पटकन उत्तर सुचलं नाही. दुःखाच्या पुस्तकांची बाजू घेणारे आम्ही सहसा धरून चालतो, की गोड शेवट म्हणजे बाजारूपणा. ज्यानं स्वतः पोर पुरलं आहे त्याला गोड शेवट मागायचा हक्क आहे, हे आम्ही विसरतो.

पण शेजारीच सतीशिळा होती. कोपरात वाकलेला एक हात, वर केलेला, त्यात बांगड्या. बस. मी तात्यांना म्हटलं, “आणि हिचं काय? हिचा शेवटही गोड?”

“नवऱ्यामागं गेली. प्रेमाची गोष्ट हाय.”

“तिला कुणी विचारलं होतं का?”

तात्यांनी पायानं दगडाच्या बुडाची माती सारली. बराच वेळ सारत राहिले. मग म्हणाले, “दगडावर निस्ता हातच काढलाय. तोंड न्हाई काढलं.”

“हॅर्टाला तोंड आहे,” मी म्हटलं. “तिची पत्रं आहेत पुस्तकात. ‘धग’मधल्या कौतिकला तोंड आहे, ‘पाचोळा’मधल्या पार्वतीला आहे. उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये आणि बोराड्यांनी १९७१ मध्ये हेच केलं. हात काढून थांबले नाहीत, तोंड काढलं. पार्वती तर शिंप्याच्या मोडत चाललेल्या संसाराची सगळी कथा स्वतःच सांगते, आपल्या मराठवाडी बोलीत. तुमच्या नातीला मी हे द्यायचं नाही?”

“दे की. मी न्हाई कधी म्हणलो?”

“दुपारपासून तेच म्हणताय.”

“मी म्हणलो, रडवू नगं. तोंड दाखवू नगं आसं न्हाई म्हणलो.”

कळाशी बाजूची एक होडी लांबून जाताना दिसली आणि आम्ही दोघं एकदमच तिकडं बघू लागलो. पंधरा दिवसांपूर्वी, २१ मेला, कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटून सहा माणसं गेली होती. काठावरची गावं अजून त्यातून बाहेर आली नव्हती.

“ह्याच्यावर बी कुणीतरी कादंबरी लिहील,” तात्या म्हणाले. “धा वर्सं तरी लिहू नये. ओलं दुःख लिहायला घेतलं का सोसवत न्हाई, लिहिणाराला बी आणि वाचणाराला बी. ‘झाडाझडती’ बघ, आमी उठलो त्याच्या धा-आकरा वर्सांनी आली.”

“आणि ‘रणांगण’? ज्या वर्षी महायुद्ध पेटलं त्याच वर्षी छापलं. आग लागलेली असताना. ज्यूंचं पुढं काय होणार आहे हे तेव्हा जगाला कळलंही नव्हतं. बेडेकर थांबले असते तर?”

“बेडेकर समद्यांसारखे नव्हते.”

“म्हणजे नियम मोडला.”

“एका गाडीनं थांबा चुकवला म्हणून थांबा रद्द हुत न्हाई.”

परतताना अंधार पडला. रस्त्यावरचे ट्रकचे दिवे दिसायला लागले, तसा तात्यांचा आवाजही मोकळा झाला. ते आपण होऊन बोलू लागले.

“तुला खरं सांगू का, पुस्तक मी कशावर सोडतो? रडवतंय म्हणून न्हाई. लिहिणारानं आधीच ठरवलेलं आसतं, कोण चुकला. येक शाना, येक येडा. येक गाव सोडून गेला म्हणून सुखी, येक ऱ्हायला म्हणून दुःखी, न्हाईतर ह्येच्या उलटं. तुझ्या बापानं पैसे घेतले, मी माळ धरला. चव्वेचाळीस वर्सं झाली धरणाला. कुणाचं बरोबर आलं हे मला आजून ठरवता आलं न्हाई. पाण्यामुळं माळाचा ऊस झाला, मान्य. पर तुझा बाप पोरींना शिकवू शकला. माझ्या पोरी शिकल्या न्हाईत. ज्या पुस्तकात ह्याचा निकाल दिलेला आसतो ते मी मिटतो.”

“‘रणांगण’ का मिटलं नाहीत मग?”

“तो चक्रधर सोताच सोताची गोष्ट सांगतो ना. सोताला सोडत बी न्हाई आणि सोडवत बी न्हाई. मला तो पोरगा आवडत न्हाई. पर त्या मुक्कामाला मी दुसऱ्यांदा वाचलं ते त्याच्यासाठीच. तिच्यासाठी न्हाई.”

मी इतकी वर्षं ‘रणांगण’ शिकवते आणि हॅर्टावर बोलते. तात्यांनी बोट ठेवलं ते भलतीकडं. जिनं जीव दिला तिचं दुःख कळायला पुस्तक कशाला लागतं? ज्यानं काहीच केलं नाही आणि जो जिवंत राहिला, त्याच्याबरोबर पुस्तकभर बसावं लागणं, हे त्या पुस्तकाचं खरं ओझं. नात जो शेवट मागत होती तो या पुस्तकात होताच. पण तिला उपयोगी पडणार होता तो मधला भाग, जिथं निर्णय घ्यायला रोज एक दिवस मिळतो आणि रोज संध्याकाळ होते.

घरी आल्यावर तात्यांनी पिशवी पुन्हा ओतली. ‘कोसला’वर त्यांचं एवढंच म्हणणं होतं, की पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीनं जाते तो भाग पोरीला एकटीनं वाचू देऊ नये, घरात कुणीतरी असावं. यावर आमचं एकमत झालं, दिवसभरातलं पहिलं. ‘बनगरवाडी’ त्यांनी बाजूला ठेवलं, कारण त्यात प्रेम नाही. आहे, मी म्हटलं, मास्तराचं गावावर. आणि दुष्काळात गाव उठून जातं तेव्हा... “ते तिला हितंच बघायला मिळतंय,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला. आनंद यादवांचं ‘गोतावळा’ मात्र काढू दिलं नाही. ट्रॅक्टर येतो आणि नारबाची जनावरं एकेक करून जातात. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “ते नका देऊ. तात्यांनी ते वाचून आपली म्हातारी गाय चार वर्सं विकू दिली न्हाई.”

सहावं पुस्तक ‘स्मृतिचित्रे’. ते मी दुःखाच्या पिशवीत घातलं याचं तात्यांना नवल वाटलं. लक्ष्मीबाई टिळकांचं पुस्तक म्हणजे पोट धरून हसायचं पुस्तक, असा त्यांचा समज. मी म्हटलं, हिशेब बघा. अकराव्या वर्षाच्या आसपास लग्न. १८९५ मध्ये नवरा, नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाला. सोवळ्या-ओवळ्यातली बाई, पदरात एक मूल. जातीत राहायचं तर नवरा मेल्यासारखा, नवऱ्याकडं जायचं तर सगळं गोत मेल्यासारखं. जवळजवळ पाच वर्षं ती मध्ये उभी राहिली. मग १९०० मध्ये तिनंही बाप्तिस्मा घेतला, पण तो नवऱ्याच्या मागं फरफटत नव्हे. पाण्यावरचा, ताटावरचा भेद तिचा तिच्या मनात आधी गळून पडला आणि मग तिनं पाऊल उचललं.

“हां,” तात्या म्हणाले. “म्हंजे सतीशिळेच्या उलटं.”

रूपक केलं म्हणून मी त्यांना अडवलं नाही.

“पर तरी सांगतो, ह्या बाईनं रडायचं काम वाचणारावर टाकलं न्हाई. सोताच्या फजितीवर आधी सोता हसली. दुःखाच्या पुस्तकांचे दोन प्रकार आसत्यात बघ. येका लेखकाला तुला स्टँडावर पोचवायला यायचं आसतं, खिडकीशी उभा ऱ्हाऊन रुमाल हलवायचा आसतो. दुसरा तिकीट देतो आणि पुढच्या शिटाकडं जातो.”

कंडक्टर माणूस. त्याला दुसरा प्रकार आवडणार हे उघडच आहे. मला अजूनही रुमालवाल्यांपैकी काही आवडतात, आणि वीस वर्षांच्या पोरीला रुमालाचीच गरज असू शकते. हा वाद मिटला नाही.

दुसऱ्या दिवशी नात बारामतीहून आली. पिशवी तिच्यापुढं ठेवायच्या आधी तात्या तिला आणि मला शेजारच्या गावातल्या ग्रंथालयात घेऊन गेले. ‘ड’ वर्गाचं ग्रंथालय. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड अशा पायऱ्या. ‘ड’ ही सगळ्यात खालची, अनुदानही त्याच मानानं. एक खोली, चार लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, पेपर वाचणारे तीन म्हातारे. तात्यांनी कपाटातून एक जुनी कादंबरी काढली. कुठली ते सांगत नाही, सांगितलं तर लोक त्या पानासाठीच ती मागतील. मागची तारीखपट्टी भरून दुसरी चिकटवलेली, दुसरीवर तिसरी. पान उलटत उलटत ते एका जागी थांबले. समासात पेन्सिलीनं, जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘इथं थांबा. आधी जेवून घ्या.’ त्याखाली वेगळ्या हातानं, निळ्या बॉलपेननं, ‘जेवलो. तरी उपयोग झाला नाही.’ आणि त्याखाली तिसरं, अगदी बारीक, बाईच्या अक्षरात, ‘मी न जेवता वाचलं.’

नात ते पान धरून उभी राहिली. मी एव्हाना दहा-बारा पुस्तकांची नावं, वर्षं आणि कारणं तोंडपाठ करून आले होते. तिनं मला काहीच विचारलं नाही. तात्यांकडं वळून म्हणाली, “आज्जा, हे कोण असतील?”

“असतील इथलीच. निळी शाई हाय ना, तो गेला. बाकी दोन म्हायती न्हाईत.”

तिनं ते पुस्तक घेतलं. पिशवीतलं ‘रणांगण’ही घेतलं. बाकीची परत माझ्याकडं दिली, ‘गोतावळा’ वहिनींनी परस्पर ठेवून घेतलं. स्थळाचं पुढं काय झालं ते मी विचारलेलं नाही. पंधरा दिवसांनी तिचा निरोप आला, तो चक्रधराविषयी होता आणि बराच रागाचा होता.

त्या ग्रंथालयात ‘रणांगण’ नव्हतं. माझी प्रत नातीनं वाचून तिथंच जमा केली आहे. ‘धग’ आहे, पण शेवटची चार-पाच पानं नाहीत. ‘पाचोळा’ आणि ‘स्मृतिचित्रे’ची प्रत नाही. तुमच्या घरात यातलं काही दोनदा आलं असेल, किंवा वाचून झालेलं पडून असेल, तर आपल्या जवळच्या अशाच एखाद्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला देऊन टाका. जुनं असलं, कोपरे मुडपलेले असले तरी चालतं. समासात पेन्सिलीनं कुणी काही लिहिलं असेल तर तेवढं खोडरबरानं पुसू नका.